छतातले स्पीकर, आबांची खुर्ची आणि एक चुकीची वायर

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार, घटस्थापना

पितृपक्ष संपेपर्यंत थांबायचं ठरलं होतं, आज काम सुरू. पुण्यात कर्वेनगरमधलं आमचं घर पंधरा वर्षांचं आहे. हॉल, पॅसेज आणि आबांच्या खोलीत जिप्समचं नवीन सिलिंग होणार आहे. स्वयंपाकघरातलं पीओपीचं जुनं सिलिंग तसंच ठेवणार. सिलिंग होतंच आहे तर त्यात स्पीकर बसवून घ्यायचे हा माझा हट्ट, आणि तो आबांसाठी आहे. आबा, म्हणजे माझे वडील, ७८ वर्षांचे. दोन वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येतं. सकाळी सहाला रेडिओ पूर्ण मोठा होतो, लेक अभ्यासाला बसलेली असते, ती दार लावून घेते. मग आबांच्या ते लक्षात येतं आणि ते रेडिओ बंदच करतात. ते बंद करतात, हे मला बघवत नाही.

आवाज मोठा करण्यापेक्षा माणसाच्या जवळ आणायचा, एवढाच विचार आहे. चार स्पीकर: हॉलमध्ये दोन, स्वयंपाकघरात एक, आबांच्या खोलीत एक.

आज फक्त जागा ठरवल्या. जुन्या म्युझिक सिस्टिमचा एक स्पीकर रंगाऱ्याच्या घोड्यावर वरच्या पायरीला ओढणीने बांधला, तोंड खाली करून. आबांना त्यांच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि बातम्या लावल्या. आधी बरोबर डोक्यावर धरला होता. आबा म्हणाले, "डोक्यावर कुणी उभं राहून वाचतंय असं वाटतं." घोडा दोन फूट पुढे सरकवला. "हं, आता समोर बसलाय." त्या जागेवरून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूने फुली मारली, भिंतीपासूनची मापं वहीत लिहिली.

हे घोड्याचं काम अर्ध्या तासाचं आहे. कोणी करणार असाल तर वगळू नका. छताला भोक पडल्यावर दोन फूट सरकता येत नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, खरेदी. साडेसहा इंची स्पीकरच्या दोन जोड्या, ८ ओहमचे (ओहम हे विजेच्या रोधाचं माप), १३,६०० रुपये. छोटा ॲम्प्लिफायर, दोन चॅनल (डावा आणि उजवा), प्रत्येकी ५० वॅट, ५,२०० रुपये. त्याच्या मागे लिहिलंय की कमीत कमी ४ ओहम चालतील. म्हणजे एका चॅनलवर ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले तर बरोबर ४ होतात, त्याखाली जायचं नाही. डाव्या चॅनलवर हॉलचा डावा आणि स्वयंपाकघर, उजव्यावर हॉलचा उजवा आणि आबांची खोली.

स्पीकर घेताना व्यासापेक्षा तो किती खोल आहे ते आधी बघा. आमचं सिलिंग स्लॅबपासून पाच इंच खाली येणार. त्यातून साडेबारा मिलिमीटरची शीट वजा केली की साधारण ११४ मिलिमीटर उरतात. पहिल्या दुकानात दाखवलेला स्पीकर १२० मिलिमीटर खोल होता, आवाज सुरेख, पण बसलाच नसता. घेतलेला ९५ आहे.

वायरीत फसता फसता वाचले. एका दुकानात मीटरला ३० रुपयांनी १४ गेजची वायर मिळत होती (गेजचा आकडा लहान, तितकी वायर जाड). टोक सोलून ब्लेडने एक तार खरवडली तर आत पांढरी. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि स्क्रूखाली ती तुटते. आतबाहेर तांबं असलेली ६२ रुपये मीटरने ६० मीटर घेतली, ३,७२० रुपये. आबांच्या खोलीपर्यंत पाइपातून १७ मीटर जाते. १४ गेजची इतकी वायर जाऊन-येऊन ०.२८ ओहमच्या आसपास खाते. १६ गेजची घेतली असती तर ०.४५. ८ ओहमच्या स्पीकरला ते चाललं असतं, पण वायर एकदाच टाकायची असते.

६ ऑक्टोबर, रविवार

सिलिंगवाल्यांच्या पट्ट्या लागल्या आहेत, शीट अजून नाही. वायर टाकायचा हाच दिवस. इलेक्ट्रिशियन दादा सकाळी आले. मी त्यांना तोंडी सांगितलं, "स्पीकरच्या वायरी टीव्हीच्या कपाटापासून चारही जागी न्यायच्या, लाइटच्या पाइपातून नाही, वेगळ्या पाइपातून." कुठे काटकोनात लाइटच्या पाइपाला ओलांडावं लागलं तर हरकत नाही, पण बरोबरीने धावायची नाही, हेही सांगितलं. ते म्हणाले, "ताई, काळजी नको." दुपारी मला आबांना डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं. परत आले तेव्हा काम झालं होतं, पाइप सरळ, क्लिपा नीट. मी खूश झाले. कागदावर आकृती काढून दिली नाही, आणि प्रत्येक टोक उघडून बघितलं नाही. या दोन गोष्टी पुढे महाग पडल्या.

मंगळवारी शीट लागली, पॅसेज पूर्ण बंद झाला.

१३ ऑक्टोबर, रविवार

हॉलची भोकं. शीट कापायची टोकदार करवत, चष्मा, मास्क, सोफ्यावर जुन्या साड्या. खालून दिवे बंद, त्या भागाचा एमसीबीही, म्हणजे वीज तोडणारा स्विचही, पाडलेला.

स्पीकरच्या खोक्यात पुठ्ठ्याची चकती असते, ती छताला लावून पेन्सिल फिरवायची. तिच्यावर दोन वर्तुळं छापलेली होती. आतलं २०० मिलिमीटर, भोकाचं. बाहेरचं २३०, म्हणजे वर झाकणाची कड कुठे येईल त्याचं. मी पहिल्या भोकाला बाहेरच्या वर्तुळावर कापलं. स्पीकर आत सारला तर त्याचे कान कुठेच टेकेनात. हे कान म्हणजे बाजूचे प्लास्टिकचे पंजे, स्क्रू फिरवला की आडवे होऊन शीटला वरून धरतात. स्पीकर सरळ हातात खाली आला. दीड किलो ऐंशी ग्रॅमचा डबा हातात धरून दहा फूट लांबीच्या नव्या छतातल्या मोठ्या भोकाकडे बघत मी घोड्यावर उभी होते, तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं. ते धुळीमुळे नव्हतं.

दुरुस्ती: मागून शीटचे दोन तुकडे स्क्रूने आधाराला लावले, भोकात २३० मिलिमीटरची चकती बसवली, सांध्यावर कागदी टेप, त्यावर जॉइंटचा मसाला. परतीचा पाऊस चालू, हवा ओली. जो थर एका दिवसात वाळायला हवा त्याला तीन दिवस लागले. मग नवीन भोक त्याच जागी, आतल्या वर्तुळावर. भोक पडल्यावर जोडचकतीची जेमतेम पंधरा मिलिमीटरची कड उरली आणि ती तीन ठिकाणी तुटली. तेव्हा मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं: एक फूट चौकोनी भाग कापून अख्खा नवा तुकडा मागच्या पट्टीला स्क्रूने बसवला आणि त्यात भोक पाडलं. भोक चुकलं तर गोल ठिगळ लावू नका, चौकोन कापा.

हॉलच्या दुसऱ्या जागी वर लोखंडी पट्टी आली. पट्ट्या दीड फुटावर असतात, त्यामुळे हे कुणाच्याही घरी होऊ शकतं. पट्टी कापायची नाही, सिलिंगचं वजन तिच्यावर आहे. फ्रिजवरचा लोहचुंबक शीटवरून फिरवला की जिथे चिकटतो तिथे स्क्रू, आणि स्क्रूच्या ओळीत पट्टी. जागा चार इंच सरकवली. आधी चुंबक फिरवला असता तर पेन्सिलची रेघ तरी वाचली असती.

दोन्ही स्पीकरना मागून पातळ स्टीलची तार बांधून ती स्लॅबमधल्या फास्टनरला अडकवली. कंपनाने कधी कान सैल झाले तर स्पीकर खाली बसलेल्या माणसावर येऊ नये.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आबांच्या खोलीतलं भोक पहिल्या फटक्यात नीट झालं. स्वयंपाकघराचा स्पीकर अजून छताला नाही, ओट्यावर खोक्यात ठेवून नुसता जोडला. चारही वायरी ॲम्प्लिफायरला लावून बटण दाबलं. अर्धा सेकंद आवाज आला, खट्‌ झालं आणि लाल दिवा. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

सकाळी दहा ते दुपारी चार मी यात घालवले. ॲम्प्लिफायर बिघडलेला आला असं वाटून दुकानात फोनही केला. मग एकेक वायर काढत गेले. फक्त हॉलचे दोन: उत्तम. हॉल अधिक स्वयंपाकघर: उत्तम. हॉल अधिक आबांची खोली: उत्तम. चारही लावले की खट्‌.

सगळ्या वायरी ॲम्प्लिफायरपासून सोडवल्या आणि मल्टिमीटर घेतला. प्रत्येक स्पीकरच्या दोन टोकांत साडेसहाच्या आसपास ओहम, हे बरोबर, ८ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-साडेसहाच दाखवतो. मग डाव्याचं वजा टोक आणि उजव्याचं वजा टोक यांच्यात मीटर लावला. त्यांच्यात काहीच दिसायला नको होतं. मीटरने लांबलचक बीप दिली.

कपाटामागची वायर ओढून बघितली. चार दोन-तारी वायरी यायला हव्या होत्या, आल्या होत्या दोन दोन-तारी आणि एक तीन-तारी. दादांनी पॅसेजपर्यंत एकच तीन-तारी वायर नेली होती: लाल स्वयंपाकघराचं अधिक, पिवळं आबांच्या खोलीचं अधिक, आणि काळी दोघांची मिळून वजा. लाइटच्या कामात हेच करतात, एक न्यूट्रल अनेक दिव्यांना चालते. त्यांच्या सवयीने ते बरोबरच वागले होते. पण या क्लास-डी प्रकारच्या ॲम्प्लिफायरमध्ये वजा टोक म्हणजे जमीन (ग्राउंड, स्थिर शून्य व्होल्ट) नव्हे. दोन्ही टोकांवर आवाजाचा प्रवाह असतो, एक वर जातं तेव्हा दुसरं खाली. डाव्याचं वजा उजव्याच्या वजाला जोडलं की दोन चॅनल एकमेकांवर आदळतात, आणि त्याने स्वतःला वाचवायला बंद होणं हेच योग्य.

ॲम्प्लिफायर जळला नाही हे माझं नशीब. दुकानदाराला पुन्हा फोन करून माफी मागितली.

प्रत्येक स्पीकरला त्याची स्वतःची दोन-तारी वायर, मध्ये कुठेही सांधा नाही, सामायिक वजा नाही. हे वाक्य मी ६ तारखेला कागदावर लिहून द्यायला हवं होतं.

२० ऑक्टोबर, रविवार

दादा पुन्हा आले. त्यांना मीटरची बीप ऐकवली, आकृती काढून दाखवली. ते शांतपणे बघत राहिले, मग म्हणाले, "असं असतं हे माहीतच नव्हतं ताई, कुणी सांगितलंच नाही." त्यांनी आकृतीचा फोटो काढून घेतला.

बेत असा: तीन-तारी वायरीच्या शेपटाला दोन नवीन दोन-तारी वायरी टेपने गुंडाळून बांधायच्या आणि जुनी ओढली की नव्या आत येतील. सांधा टप्प्याटप्प्याने बारीक करत नेला, वर साबणाचं पाणी लावलं. नऊ मीटरपैकी सहा मीटर सुरळीत आलं. मग पॅसेजमध्ये अडकलं. हिसका दिला तर टेप सुटली, नव्या वायरी मध्ये राहिल्या, जुनी हातात. दुसऱ्या बाजूने वायर ओढायची स्प्रिंग घातली, तीही त्याच जागी थांबली.

फोनमध्ये ६ तारखेचा एकच फोटो होता, तो सिलिंगवाल्यांनी पट्ट्या दाखवायला पाठवलेला. त्याच्या कोपऱ्यात पाइप दिसत होता आणि वळणावर गोल बेंड नव्हता, काटकोनी एल्बो होता. एका वायरीला तो चालतो, दोघींना नाही. फोटोतल्या पट्ट्या मोजून जागा काढली आणि बंद झालेल्या, रंगाचा पहिला हात दिलेल्या पॅसेजच्या छताला सहा इंच चौकोनी भोक पाडलं. एल्बो बरोबर भोकाच्या मध्यावर निघाला. तो कापून लांब वळणाचा बेंड लावला, दहा मिनिटांत दोन्ही वायरी पार.

दोन तारखा गेल्या, १८ मीटर नवीन वायर गेली, दादांचा एक दिवस वाढला. संध्याकाळी चारही स्पीकर एकत्र लागले आणि लाल दिवा आला नाही. मी आणि दादा, दोघंही पाच मिनिटं काही न बोलता ऐकत उभे होतो.

जे कोणी सिलिंग बंद करायच्या आधी हे वाचत असतील त्यांना कळकळीने सांगते: शीट लागण्याआधी दर दोन फुटांवर वर कॅमेरा धरून फोटो काढा, भिंतीला मोजपट्टी टेकवून. मला दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या एका फोटोने वाचवलं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभर वीज नव्हती. पॅसेजचं भोक बंद केलं, लांबी (पुट्टी) घासली. रंगारी म्हणाले, पूर्ण छताला एक हात परत द्यावा लागेल, नाहीतर तुकडा दिसेल. खरं आहे, दिसतो.

२६ ऑक्टोबर, शनिवार

स्वयंपाकघर. जुनं पीओपी जिप्समच्या शीटसारखं कापत नाही. करवत घातली की ढलपा निघतो, आत काथ्या असतो, तो दातांत गुंततो. वर्तुळावर तीन मिलिमीटरच्या ड्रिलने जवळजवळ भोकं पाडली, साठेक असतील, मग दोन भोकांमधला भाग हॅक्सॉच्या नुसत्या पात्याने कापला. काथ्या कात्रीने. तीन तास लागले पण एकही चीर गेली नाही. छताची जाडी २२ मिलिमीटर निघाली, स्पीकरचे कान जेमतेम पोचले. तुमच्याकडे जुनं पीओपी असेल तर स्पीकर किती जाडी धरतो ते खोक्यावर आधी बघा.

ओट्याशेजारी एक बटण दिलंय, स्वयंपाकघराचा स्पीकर बंद करायला. ते लाइटच्या बोर्डात देत होते, मी वेगळा डबा लावून घेतला. २३० व्होल्ट आणि स्पीकरची वायर एका डब्यात नको.

२७ ऑक्टोबर, रविवार

हॉलमध्ये सोफ्याच्या मध्यभागी बसलं की तबला हरवतो, एका बाजूला सरकलं की परत येतो. म्हणजे एका स्पीकरचं अधिक-वजा उलटं. वायरी ॲम्प्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल टोकांना क्षणभर टेकवला, सेलचं अधिक वायरीच्या अधिकला. जाळी काढून नवऱ्याने टॉर्च धरला. डाव्याचा पडदा बाहेर आला, उजव्याचा आत गेला. उजव्याची टोकं बदलली, तबला जागेवर.

मग आबांचा रेडिओ. आबा फोनवरून काही लावणार नाहीत, मला ते त्यांच्यावर लादायचंही नाही. रेडिओ त्यांचाच, बटणं त्यांचीच, फक्त इअरफोनच्या भोकातून वायर काढून ॲम्प्लिफायरला द्यायची. दिली, तर डावीकडचे दोन वाजले आणि नेमकी आबांची खोली गप्प. रेडिओ मोनो, त्याच्या भोकात स्टीरिओ पिन घातली की उजव्या चॅनलची कडी आत जमिनीला टेकते. मोनो पिन आणून ती दोन्ही चॅनलना वाटून दिली, ४० रुपयांचं काम. फोनवरून गाणी लावायची तर उलट अडचण होती: जुन्या गाण्यांत अर्धी वाद्यं एका बाजूला असतात, स्वयंपाकघरात फक्त तेवढीच ऐकू येत. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो करून ठेवलंय.

२९ ऑक्टोबर, मंगळवार, धनत्रयोदशी

हॉलमध्ये काही सुरांना ‘झर्रर्र’ असा आवाज. स्पीकर फाटला की काय या भीतीने रात्री झोप आली नाही. फोनवर एकच सूर वाजवणारं ॲप घेतलं, ६० हर्ट्झपासून वर चढत गेले. ९०च्या जवळ झर्रर्र सुरू, १००ला बंद. त्या सुरावर थांबून घोड्यावर चढले आणि छताला तळहात लावत फिरले. स्पीकर स्वच्छ होता. शेजारच्या छतातल्या दिव्याची स्प्रिंग शीटवर थरथरत होती. दिवा उतरवून स्प्रिंगखाली फोमची पट्टी चिकटवली. कोव्हची, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेतली, दिव्यांची पट्टी लावली की येणारी बारीक चरचर मात्र तिच्या ड्रायव्हरची, म्हणजे तिला वीज देणाऱ्या डबीची, निघाली. तो रेडिओच्या वायरीला खेटून होता, तीन फूट लांब नेला, चरचर गेली.

३१ ऑक्टोबर, गुरुवार, नरक चतुर्दशी

पहाटे पावणेपाच. आबांना तेल लावत होते. त्यांनी स्वतः रेडिओ लावला, आवाजाचं बटण सवयीने शेवटपर्यंत फिरवायला गेले आणि अर्ध्यावरच थांबले. लहानपणी याच पहाटे रेडिओवर नरकासुराचं कीर्तन असायचं आणि आबा आम्हाला उटणं लावताना मध्येच हात थांबवून ऐकायचे. आज माझा हात त्यांच्या पाठीवर होता आणि ते तसेच थांबले. लेक बाहेरून ओरडली नाही. तिच्या खोलीत जाऊन बघितलं, दार उघडं होतं आणि ती झोपली होती.

१७ नोव्हेंबर, रविवार

हिशेब लिहून ठेवते. स्पीकर १३,६००, ॲम्प्लिफायर ५,२००, वायर ३,७२०, पाइप-बेंड-डबे १,४५०, करवत आणि मल्टिमीटर १,०००, दादांचे तीन दिवस ३,३००. बेरीज २८,२७०. चुकांचे वेगळे: १८ मीटर वायर १,११६, दादांचा वाढीव दिवस १,१००, ठिगळं आणि पॅसेजचा रंग २,८००. म्हणजे ५,०१६. एकूण ३३,२८६, सिलिंगचा खर्च वेगळा. चार शनिवार-रविवारात होईल असं धरलं होतं, दिवाळीच्या तोंडावर जेमतेम झालं.

राहिलेलं: हॉलच्या चौकोनी ठिगळाच्या एका बाजूला केसाएवढी चीर दिसू लागली आहे. उन्हाळ्यापर्यंत तिला हात लावायचा नाही असं सिलिंगवाले म्हणाले, हलायचं तेवढं हलू दे, मग एकदाच भरू. पंखा पाचवर असला की हॉलमधलं बोलणं किंचित थरथरतं, तीनवर ठीक.

दादांनी परवा फोन केला होता. वारज्याला एका घरी स्पीकरची वायर टाकायची आहे, प्रत्येकाला वेगळी दोन-तारी नेतोय म्हणाले, आणि बेंड किती लांब वळणाचा घ्यावा ते विचारत होते.

आमच्या चारही वायरींची आकृती मीटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, मापांसकट. आबांची लाल टेपची, स्वयंपाकघराची पिवळी.